चौऱ्याण्णव पायऱ्या

“तुझ्या भाषणात मी नको,” ओतोकार म्हणाला.

तो खुर्चीत मांडी घालून बसला होता आणि आमच्या मेकॅनिकचं मनगटी घड्याळ उघडून त्याच्या पोटात चिमटा घालत होता. एकोणीसशे बेचाळीसचा जून महिना. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळचा लढाऊ विमानांचा तळ. धावपट्टीच्या कडेला एक लाकडी खोली होती, तिच्यात आम्ही बारा वैमानिक पिवळी जाकिटं अंगावर चढवून हुकमाची वाट बघत बसायचो. लढाईच्या गोष्टींत हे कुणी सांगत नाही, पण लढाऊ वैमानिकाचं निम्मं आयुष्य वाट बघण्यातच जातं. कुणी पत्ते कुटायचा, कुणी तोंडावर वर्तमानपत्र टाकून घोरायचा. ओतोकार घड्याळं दुरुस्त करायचा आणि मी बोलायचो.

“नको म्हणजे? ज्याच्या शेजारी रोज उडतो त्याच्याबद्दल बोलायचं नाही, तर काय राजेसाहेबांच्या कुत्र्यांबद्दल बोलू?”

“हवामानाबद्दल बोल. इंग्रजांना आवडतं.”

“रेडिओवर ऐकणार मिरजेचे लोक आहेत रे.”

“मग मिरजेच्या हवामानाबद्दल बोल,” तो म्हणाला. मग चिमटा खाली ठेवून त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. “रागू, थट्टा नाही. मी नको.”

तो चेक होता. जर्मनांनी देश गिळल्यावर पोलंड, फ्रान्स अशी मजल दरमजल करत इंग्लंडला येऊन पोचला होता. आमच्या तुकडीत असे परमुलखातले सात जण होते. चार चेक, दोन न्यूझीलंडचे आणि मिरजेचा मी, रघुनाथ बोडस, ओतोकारच्या तोंडी रागू. कागदोपत्री ओतोकारचं नाव यान मारेक होतं. ओतोकार वेसेली हे खरं नाव मोठ्या साहेबांना ठाऊक होतं, त्याच्या देशबांधवांना आणि मला. मुलगा इंग्रजांकडून उडतो असं कळलं की जर्मन त्याच्या घरच्यांना उचलून नेत, म्हणून त्यांच्यापैकी बरेच जण अशी उसनी नावं घेऊन लढत होते. मेले तर थडग्यावरही उसनंच नाव यायचं.

ओतोकारला घरी एकटी आई होती. त्याचे वडील गावचे घड्याळजी. ते गेल्यावर दुकान तिने चालवलं, आणि चर्चच्या मनोऱ्यावरच्या मोठ्या घड्याळाला किल्ली द्यायचं कामही तिच्याकडेच आलं. दर दुसऱ्या दिवशी साठीची ती बाई चौऱ्याण्णव पायऱ्या चढून वर जायची. मुलगा चाळीस साली फ्रान्समध्ये मेला असं तिने गावात सांगितलं होतं आणि तेव्हापासून ती काळे कपडे घालत होती. मुलगा जिवंत आहे हे फक्त तिला आणि गावच्या पाद्रीबाबांना माहीत होतं. घड्याळ चर्चचं, तेव्हा त्याचे सुटे भाग मागवायचं काम पाद्रीबाबांचं. झुरिकच्या एका दुकानात ओतोकारची मावसबहीण कामाला होती. पाद्रीबाबा त्या दुकानाला पत्र लिहायचे, “लहान काटा नीट चालतो का ते कळवावे.” ती ते लंडनला पाठवायची. ओतोकार त्याचं उत्तर दुकानाच्या भाषेत लिहायचा, “लहान काटा उत्तम चालत आहे, काळजी नसावी.” दोन-तीन महिन्यांतून एकदा हे चालायचं. हे त्याने मला सांगितलं होतं, कारण मी त्याचा नंबर दोन होतो. आकाशात तो पुढे आणि मी त्याच्या मागे. मागून कुणी येत नाही ना, हे बघणं माझं काम. अशा माणसापासून माणूस फारसं काही लपवत नाही.

“बरं बाबा, तू नाहीस भाषणात,” मी म्हणालो. त्याने पुन्हा चिमटा उचलला.

आता माझी बाजू सांगतो. सांगण्यासारखी आहे असं नाही, पण होती.

माझे वडील, नाना, मिरजेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. खादी घालणारे, सूत कातणारे. मी मुंबईला विमान चालवायला शिकलो तोवर त्यांनी सोसलं. इंग्रजांच्या हवाई दलात गेलो तेव्हा स्टेशनवर आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “ज्यांनी आपल्या मानेवर पाय दिलाय, त्यांचा मुलूख राखायला चाललास. जा.” त्यानंतर दीड वर्ष त्यांनी मला एक ओळ लिहिली नाही. आई लिहायची, शेवटी “नाना बरे आहेत” एवढं असायचं. विमानात मला कशाचं भय वाटलं नाही इतकं त्या एका वाक्याचं वाटायचं, कारण पुढे काहीच नसायचं.

लंडनच्या रेडिओवरून आठवड्यातून एकदा हिंदुस्थानसाठी मराठीत कार्यक्रम व्हायचा. तिथल्या कर्णिकांना माझा पत्ता लागला आणि दहा मिनिटं बोलायचं बोलावणं आलं. नानांच्या घरी रेडिओ नव्हता, पण शेजारी मेहेंदळे वकिलांकडे होता. मी आईला तारीख कळवली. आणि लिहायला बसलो तर काय, सगळं उंची, वेग आणि इंजिनाचे घोडे. लंडनला जाताना गाडीत वाचून पाहिलं. दुसऱ्या मिनिटाला नाना उठून जाणार हे मला दिसलं. मुलगा कुणाचा नोकर आहे हे त्यांना माहीत होतं. तो कुणासाठी लढतो हे सांगायला माझ्याकडे एकच गोष्ट होती, आणि ती माझी नव्हती.

गाडी लंडनला पोचेपर्यंत ती गोष्ट मी कागदावर उतरवली होती.

नाव घेतलं नाही. ना त्याचं, ना गावाचं. मुलगा माझ्या तुकडीत आहे असंही म्हटलं नाही, एक चेक मित्र एवढंच. मोराव्हिया नावाच्या मुलखात एक लहानसं गाव, तिथे एक विधवा, मुलगा मेला असं सांगून काळे कपडे घालणारी, दर दुसऱ्या दिवशी चौऱ्याण्णव पायऱ्या चढून जर्मनांच्या नाकावर टिच्चून आपल्या गावची वेळ चालू ठेवणारी. “तिच्या गुडघ्यांना विचारा स्वातंत्र्य म्हणजे काय,” असं एक वाक्य होतं. त्या वाक्यावर मी फार खूश होतो.

कर्णिक म्हणजे पंचविशीतला शिडशिडीत माणूस. माझ्या हातातले कागद त्याने वरवर चाळले.

“बोडस, हे इंग्रजी प्रतीत नाही.”

“आहे की. परमुलखातले मित्र आहेत, अशी ओळ आहे.”

“तिथे एक ओळ आहे. इथे पाऊण पान.”

“अहो, मजकूर तोच. मराठीत जरा पसरतो.”

कर्णिक हसला. तपासणाऱ्या साहेबांचा शिक्का आगाऊ पाठवलेल्या इंग्रजी प्रतीवर आधीच पडलेला होता. “भिंतीला कान असतात बरं,” तो म्हणाला.

“असतील. पण मराठी कान किती भिंतींना असणार?”

या उत्तरावर आम्ही दोघंही हसलो. दुपारचे चार वाजले होते, मिरजेत दिवेलागण होऊन गेली असणार. तांबडा दिवा लागला आणि मी बोललो. चांगला बोललो. बोलणं ही माझी एकच विद्या, तिथे मी कधी कमी पडलो नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नानांचं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर पाहूनच ओळखलं. ज्या अक्षरात मुलांच्या वह्यांवर “पुन्हा लिही” लिहिलं जायचं तेच ते अक्षर. मी खोलीच्या मागे गवतात जाऊन ते फोडलं. ते पत्र अजून माझ्याकडे आहे.

“चि. रघुनाथ यास अनेक आशीर्वाद. तुझे भाषण मेहेंदळ्यांकडे ऐकले. तुझ्या आईस आधी आवाज ओळखू येईना, मग डोळ्यांस पदर लावून बसली. ती घड्याळवाली बाई माझ्या मनातून जात नाही. अशा माउलीसाठी माझा मुलगा लढत असेल, तर मी इतके दिवस अबोला धरला ही माझी चूक झाली. वडील माणसाने चूक कबूल करू नये असे कोठे लिहिलेले नाही.”

इथवर मी दोनदा वाचलं आणि रडलो. मग पुढे गेलो.

“आणखी एक गंमत कळवितो. चार दिवसांनी बर्लिनच्या मराठी बातम्यांतही तुझा उल्लेख झाला. (मेहेंदळ्यांकडे बर्लिन ऐकावयास दाराला कडी लावून दहा जण बसतात, लंडनला मी एकटाच होतो.) बोलणारा आपल्याकडचाच असावा, भाषा शुद्ध होती. त्याने तुझी म्हातारी जशीच्या तशी सांगितली, चौऱ्याण्णव पायऱ्यांसकट, आणि म्हणाला की ही लंडनची बनवाबनवी आहे, अशी बाई मोराव्हियात असेल तर आम्ही शोधून दाखवू. मला फार संताप आला. शोधा म्हणावे. माझा मुलगा खोटे बोलत नाही.”

पत्र मी गवतावर उलटं ठेवलं. नाव गाळलं म्हणून मी स्वतःला मोठा शहाणा समजत होतो. पण एकाच नावाच्या बायका गावात दहा असतील, मनोऱ्यावर चढणारी किती असणार?

“घरून आलं?” ओतोकार मागे येऊन उभा होता.

“वडिलांचं.”

आमचं भांडण त्याला ठाऊक होतं. तो खाली बसला, त्याने माझा चेहरा पाहिला आणि ओले डोळे बघून त्याचा भलताच समज झाला. “बोलले? शेवटी बोलले?”

“बोलले.”

“काय लिहितात?”

“म्हणतात, चूक झाली.”

त्याने मला मिठीच मारली. संध्याकाळी सगळ्या तुकडीला त्याने बिअर पाजली, “रागूचे वडील रागूशी बोलले” असं जाहीर करून. मी प्यालो. उद्या सांगू, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फ्रान्सवर गेलो. खाडी ओलांडून आत शिरलो आणि सूर्याच्या बाजूने ते आमच्यावर आले. माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. त्याची पाठ राखायची ती मी, पण माझ्याच पाठीला एक जर्मन येऊन चिकटला ते मला गोळ्या पंखात शिरेपर्यंत कळलं नाही. ओतोकारने विमान वळवलं, सगळे नियम सोडून माझ्यासाठी मागे फिरला आणि त्याला हाकलून लावलं. उतरल्यावर तो माझ्या पंखातल्या भोकांत बोट घालून मोजत होता.

“अकरा. कुठे होतास तू?”

“झोपलो होतो,” मी म्हणालो.

“आता वडील बोलायला लागलेत, आता मरू नकोस,” तो म्हणाला आणि चहा प्यायला गेला. त्या माणसाला त्या दिवशी सांगणं मला जमलं नाही. मग त्या आठवड्यात जमलं नाही. वाक्य तर तयार होतं. ओतोकार, तुझ्या आईला लिहू नकोस. पाच शब्द. दहा मिनिटं न थांबता बोलणाऱ्या माणसाला पाच शब्द जड झाले. कारण पुढे तो “का?” असं विचारणार. आणि मग नानांचं ते पत्र, दीड वर्षाने आलेलं, मला त्याच्या हातात द्यावं लागणार.

मी स्वतःची समजूत घालायला लागलो. बर्लिनवाले काय, रोज थापा मारतात. जर्मनांना लढाया सोडून म्हाताऱ्या शोधायला वेळ कुठला. शोधलीच, तरी तिचा मुलगा मेला आहे असं अख्खं गाव सांगेल. हे शेवटचं खरंही होतं. पुरावा कुठे होता?

पुरावा बारा दिवसांनी त्याने माझ्याच हातात दिला.

“लंडनला चाललास ना? हे आमच्या चेक कचेरीत दे. तिथून झुरिकला जाईल.” पाकीट उघडंच होतं, त्याने मला दाखवलं. सुट्या भागांची यादी आणि खाली ओळ: “लहान काटा उत्तम चालतो आहे. बरोबरच्या काट्याचीही चिंता मिटली.” तो हसला. “बरोबरचा काटा म्हणजे तू. तुझ्या वडिलांचं मी तिला मागे कळवलं होतं, तिला वाईट वाटायचं. आता खूश होईल.”

“या वेळी नको पाठवूस,” मी म्हणालो.

“का?”

हा तो क्षण. त्याच्या हातात पेन्सिल होती, बाहेर कुणीतरी इंजिन चालू करून बघत होतं. मी म्हणालो, “उगीच. फार वेळा लिहितोस.”

“दोन महिने झाले रे,” तो म्हणाला आणि त्याने पाकिटाला जीभ लावली.

टेम्स वाटेतच होती. पुलावर मी थांबलोसुद्धा. पण पत्र बुडवलं आणि उत्तर आलं नाही तर तो पुन्हा लिहील, दुसऱ्या कुणाच्या हाती देईल, असा हिशोब मी केला आणि पुढे चालू लागलो. खरं कारण तेही नव्हतं. पत्र बुडवणारा माणूस म्हणजे सगळं माहीत असलेला माणूस. पत्र पोचवणारा नुसता हमाल असतो. मला हमाल व्हायचं होतं. कचेरीतल्या बाईने पाकीट घेतलं, पाहिलं आणि टोपलीत टाकलं.

उत्तर आलं नाही. नाताळ गेला, नवं वर्ष लागलं. झुरिकच्या बहिणीने कळवलं की दुकानाला पाद्रीबाबांची मागणीच येत नाही. ओतोकारने घड्याळं दुरुस्त करणं बंद केलं. “टपाल अडकत असेल,” तो म्हणायचा. मी म्हणायचो, “लढाईत टपालाचं असंच.” मार्चमध्ये माझी बदली बर्माच्या आघाडीवर झाली. खरं सांगतो, निघताना मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

लढाई संपली. सेहेचाळीसच्या एप्रिलमध्ये एका शिक्षणक्रमासाठी मी पुन्हा लंडनला गेलो, आणि ओतोकार तिथे आहे असं कळलं. घरी जाऊन परत आला होता. एका चहाच्या दुकानात भेटलो. केस निम्मे पांढरे झाले होते, वय बत्तीस.

“आई नाही,” बसल्या बसल्या तो म्हणाला. “पाद्रीबाबाही नाहीत. दोघंही जर्मनांच्या छळछावणीत गेली.”

त्याने चहात साखर घातली आणि ढवळत राहिला.

“शेजारणीने सगळं सांगितलं. बेचाळीसच्या जुलैत दोन माणसं गावात आली. जर्मन. मनोऱ्यावर चढली. पायऱ्या मोजल्या त्यांनी, मोठ्याने, शेजारणीने ऐकलं. सांग रागू, पायऱ्या कशाला मोजल्या असतील?”

“काय माहीत,” मी म्हणालो.

“मग आईला विचारलं, मुलगा कुठे. ती म्हणाली मेला. गावानेही तेच सांगितलं. त्यांना काही सापडेना, तेव्हा गेले. पण पाद्रीबाबांच्या टपालावर नजर ठेवून गेले, हे कुणाला कळलं नाही. मलाही कसं कळणार? ऑक्टोबरात माझं पत्र पोचलं. दुसऱ्या दिवशी दोघांना नेलं.” त्याने चमचा बशीत ठेवला. “जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत ती सुरक्षित होती. काहीच नव्हतं त्यांच्याकडे. मी गप्प बसलो असतो, तर आज मनोऱ्यावर चढत असती. माझ्या हातचं पत्र, माझं अक्षर. तू म्हणालाही होतास, नको पाठवूस म्हणून. मी ऐकलं नाही.”

हा शेवटचा घाव माझ्या कल्पनेत कधी आला नव्हता. तो मला शहाणा समजत होता. एवढ्या वर्षांत मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. नाना होते तोवर त्या घड्याळवाल्या बाईची चौकशी करायचे, मी “बरी आहे” म्हणायचो. ओतोकारही गेला, त्याला सहा वर्षं झाली, म्हणून आज लिहितो आहे. तेव्हा मात्र तो समोर बसला होता, हातभर अंतरावर, आणि नानांचं पत्र माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. मी ते त्याला द्यायलाच आणलं होतं. शपथेवर सांगतो, द्यायलाच आणलं होतं.

“तुझा काही दोष नाही,” मी म्हणालो.

“मग कुणाचा?”

त्याने ते वाद घालायला विचारलं नव्हतं. त्याला खरोखर उत्तर हवं होतं. डोळे माझ्यावर लावून तो थांबला, आणि माझा हात खिशापर्यंत गेला.

“जर्मनांचा,” मी म्हणालो.

त्याने मान खाली घातली. मग टेबलावरून हात पुढे करून माझा हात धरला आणि माझे आभार मानले.